शोकेसचं निमंत्रण आलंय, पैशांचं काय? पुण्यातल्या स्वतंत्र संगीतकारांसाठी

‘निवड झाली’ असा मेल आला की बँडच्या ग्रुपवर आधी बदाम पडतात, मग कोणीतरी विमानाचं भाडं शोधून टाकतं आणि ग्रुप एकदम शांत होतो. ही शांतता मला चांगली ठाऊक आहे, कारण आमच्या बँडमध्ये बेस मी वाजवते आणि हिशेबही माझ्याकडेच असतो. बाहेरच्या महोत्सवांत शोकेससाठी जायचं कसं, त्याचे पैसे उभे कसे करायचे आणि परत आल्यावर हाती काय राहतं, हे गेल्या काही वर्षांत कोथरूडपासून विमाननगरपर्यंतच्या बऱ्याच मुलामुलींनी मला विचारलं. दर वेळी फोनवर तासभर बोलण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

हे रॉक, इंडी, लोकसंगीत, अभंग-फ्युजन, इलेक्ट्रॉनिक सगळ्यांना लागू आहे. फक्त शास्त्रीय गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या काही वाटा वेगळ्या आहेत, त्या जागोजागी सांगितल्या आहेत.

1. शोकेस म्हणजे कार्यक्रम नाही, हे आधी घरच्यांनाही सांगा

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात व्यापारी एक पेटी फोडून बघतो आणि त्यावरून गाडीभर मालाचा भाव ठरवतो. शोकेस ही ती फोडलेली पेटी. तुम्हाला 25 ते 40 मिनिटं मिळतात. समोर तिकीट काढून आलेले रसिक थोडे, आणि गळ्यात कार्ड लटकवलेले डेलिगेट जास्त: महोत्सवांचे प्रोग्रॅमर, बुकिंग एजंट, लेबलवाले, रेडिओवाले, पत्रकार. ते दोन गाणी ऐकतात आणि उठून दुसऱ्या हॉलमध्ये जातात. उठले म्हणजे आवडलं नाही असं समजू नका. त्याच तासाला त्यांना आणखी तीन बँड बघायचे असतात.

मानधन बहुतेक ठिकाणी नसतं किंवा नावापुरतं असतं. प्रवास तुमचा. राहणं, बॅकलाइन (स्टेजवर ठेवलेले अँप, ड्रमसेट वगैरे), जेवणाची कुपनं यातलं काय मिळेल ते महोत्सवागणिक बदलतं.

मोठी नावं माहीत असू द्या. वोमेक्स 1994 साली बर्लिनमध्ये सुरू झालं. ते दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास युरोपातल्या वेगवेगळ्या शहरात भरतं (2023 ला स्पेनमधलं आ कोरुन्या, 2024 ला मँचेस्टर). लोकसंगीत, पारंपरिक वाद्यं, मातीतला आवाज असणाऱ्यांसाठी ही सगळ्यात मोलाची जागा. टेक्ससमधल्या ऑस्टिनचं साउथ बाय साउथवेस्ट 1987 पासून मार्चमध्ये होतं, तिथे सगळे प्रकार चालतात आणि गर्दीही तशीच. ब्रायटनचं द ग्रेट एस्केप मे महिन्यात आणि हॅम्बुर्गचं रीपरबान सप्टेंबरमध्ये, दोन्ही 2006 पासून, आणि दोन्हीकडे नव्या बँडवर भर. ग्रोनिंगेनचं युरोसॉनिक जानेवारीत असतं, पण ते मुळात युरोपातल्या कलाकारांसाठी, तिथे आपण अर्ज करून फारसा उपयोग नाही. आशियात सोलचं झंदारी फेस्टा बघून ठेवा, भाडंही युरोपपेक्षा हलकं पडतं. मेटल वाजवत असाल तर जर्मनीतल्या वाकेन महोत्सवाच्या मेटल बॅटल स्पर्धेची भारतीय उपखंडाची फेरी हा वेगळाच रस्ता आहे: इथे जिंका, तिथे वाजवा.

आणि हे सगळं करण्याआधी मुंबईला ‘ऑल अबाउट म्युझिक’ला जाऊन या. 2017 पासून भरतं. डेलिगेट म्हणजे काय, पाच मिनिटांत स्वतःची ओळख कशी करून द्यायची, याचा सराव शिवनेरीच्या तिकिटात होतो. पास मात्र लवकर घ्या.

2. जायचं का, हे ठरवा

माझं मत स्पष्ट आहे: पुढच्या वर्षात विकायला काही नसेल तर जाऊ नका. शोकेसचा खरा खर्च ओळखी करण्यावर होतो. त्या ओळखीतल्या माणसाने ‘पुढच्या उन्हाळ्यात किती दिवस मोकळे आहात, किती माणसं, किती मानधन, नवा अल्बम कधी’ असं विचारलं आणि तुम्ही एकमेकांकडे बघायला लागलात, तर लाखभर रुपये तिथेच गेले.

स्वतःला विचारा: तासभराचा स्वतःच्या गाण्यांचा सेट तयार आहे का? ड्रमरची नोकरी हिंजवडीत आहे, त्याला जूनमध्ये तीन आठवडे रजा मिळेल का? (हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला जातो आणि सगळं त्याच्यावरच अडतं.) चार माणसांचा बँड दोन माणसांत वाजवता येतो का? या तिन्हींची उत्तरं नीट आली तर पुढे वाचा.

3. अर्ज: जीव व्हिडिओत असतो

निवड समिती शेकडो अर्ज बघते. म्युझिक व्हिडिओ पाठवू नका, सिंहगडावर ड्रोन फिरवलेला तर नकोच. त्यांना बघायचं असतं की ही माणसं स्टेजवर काय करतात. एखादं लहान नाट्यगृह आठवड्याच्या मधल्या वारी, दुपारच्या वेळेला घ्या. सुदर्शन रंगमंच, द बॉक्स, ज्योत्स्ना भोळे सभागृह अशा जागा आपल्याकडे आहेत हे पुण्याचं नशीब. दोन कॅमेरे, मिक्सरमधून वेगळे ट्रॅक, तीन गाणी सलग. आवाज नंतर मिक्स करा, पण पुन्हा गाऊन चिकटवू नका, ओळखू येतं.

पहिल्या अर्ध्या मिनिटात बँडचा सगळा आवाज ऐकू आला पाहिजे. आलापाने सुरुवात करायची सवय आपल्याला असते. मैफलीत ती शोभते, इथे तोवर समितीने पुढचा अर्ज उघडलेला असतो.

माहितीच्या मजकुरात ‘फ्युजन’ हा शब्द टाळा. भारतातून येणारा जवळजवळ प्रत्येक अर्ज तोच शब्द लिहितो. त्यापेक्षा सांगा: पखवाज, दोन गिटार, वारीतल्या चाली, सातच्या तालात. वाचणाऱ्याला पखवाज ठाऊक नसला तरी उत्सुकता वाटते.

इपीकेमध्ये (आयोजकांना पाठवायच्या बँडच्या माहितीच्या संचात) एवढंच: शंभर शब्दांची ओळख, दोन चांगले फोटो (एक आडवा, एक उभा), लाइव्ह व्हिडिओ, स्ट्रीमिंगचे दुवे, स्टेज प्लॉट (स्टेजवर कोण कुठे उभं राहणार त्याचा नकाशा), टेक रायडर (लागणाऱ्या साउंडच्या सामानाची यादी), याआधीचे महत्त्वाचे कार्यक्रम, संपर्क. एका पानात बसलं पाहिजे.

सापळा: अर्जाला शुल्क असू शकतं, ते परत मिळत नाही, इथवर ठीक. पण अर्ज न करताच ‘तुमची निवड झाली, स्लॉट पक्का करायला अमुक डॉलर भरा’ असा मेल आला तर तो सरळ फेकून द्या. कोणते डेलिगेट येणार, आधी कोणते बँड वाजले, पुढे त्यांचं काय झालं, हे विचारा. खरा महोत्सव यादी दाखवतो. तसंच ‘त्याच शहरात, त्याच आठवड्यात’ एवढंच लिहिलेलं असेल तर तो अधिकृत शोकेस नाही, कोणाच्या तरी पबमधली पार्टी आहे. पार्टी वाईट नसते, पण व्हिसाच्या पत्रासाठी ती कामाची नाही.

4. खर्चाची वही

एक वही किंवा शीट करा आणि तीन रकाने आखा: नक्की लागणार, लागू शकतो, कोणी दिला तर घेऊ. चौघांचा बँड युरोपात पाच रात्री, असं धरून रांग लावते:

- विमान (चार तिकिटं, वाद्यासाठीच्या जादा सामानासह)
- व्हिसा: शेंगेनचं (युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचं) शुल्क जून 2024 पासून प्रौढांना 90 युरो, वर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क
- प्रवासी विमा: शेंगेनसाठी किमान 30,000 युरोंचं वैद्यकीय संरक्षण असलेला
- मुंबई विमानतळापर्यंतची गाडी, जाता-येता
- राहणं, शहरातला प्रवास, जेवण
- जॅमरूमचं भाडं, सेट बसवायला
- साउंड इंजिनिअर नेणार असाल तर एक माणूस वाढवा
- मर्च (विकायचे टी-शर्ट वगैरे), कार्डं, छपाई
- बँडमधल्यांची बुडणारी कमाई

शेवटची ओळ कोणीच लिहीत नाही. जो शिकवण्या घेतो, ज्याची नाटकाच्या दौऱ्यातली तारीख जाते, त्याचं नुकसान बँडने मिळून सोसायचं की त्याने एकट्याने, हे निघण्याआधी ठरवा. भांडणं विमानाच्या भाड्यावरून होत नाहीत, यावरून होतात.

एकूण बेरजेवर दहा टक्के चढवा. आलेल्या आकड्याला घाबरून ‘बघू कसं तरी’ म्हणू नका. हाच आकडा पुढे प्रत्येक दारात दाखवायचा आहे.

5. पैसे कुठून आणायचे

ब्रिटनमधल्या बँडला पीआरएस फाउंडेशनचा खास शोकेससाठीचा निधी मिळू शकतो, ऑस्ट्रेलियाच्या बँडच्या पाठीशी साउंड्स ऑस्ट्रेलिया असते. आपल्या देशातही नागालँड आणि मेघालय ही राज्यं स्थानिक संगीतकारांवर सरकारी पैसा लावतात. पुण्यातल्या इंडी बँडला मात्र चार-पाच ठिकाणांहून थोडं थोडं जमवावं लागतं. ज्या क्रमाने दारं ठोठवावीत त्याच क्रमाने सांगते.

महोत्सवालाच आधी विचारा. निवडीचा मेल आला की आभार मानून लगेच लिहा: राहण्याची सोय आहे का, किती रात्री, बॅकलाइनमध्ये काय आहे, विमानतळावरून न्यायला येतात का, प्रवासासाठी काही निधी आहे का. मागायला लाजायचं हा आपला पुणेरी गुण नव्हे, पण मेलवर का कोण जाणे आपण एकदम भिडस्त होतो. दोन खोल्या मिळाल्या तरी वहीतला मोठा आकडा खाली येतो.

स्वतःची कमाई, पण वेगळ्या खात्यात. दिवाळी पहाट, गणपतीतले कार्यक्रम, कंपन्यांचे वार्षिक दिवस, बाणेर-बालेवाडीतल्या टॅपरूममधले गिग. या प्रत्येकातला ठरलेला वाटा बँडच्या खात्यात टाका. मार्चचा महोत्सव असेल तर गणपती ते दिवाळी हाच तुमचा भरणीचा काळ. बँडच्या नावाने खातंच नसेल तर भागीदारीचं करारपत्र करा, पॅन काढा, खातं उघडा. प्रायोजक कंपनीचा हिशेब विभाग गायकाच्या वैयक्तिक खात्यात पैसे टाकायला कां-कूं करतो, आणि टाकलेच तर सगळं उत्पन्न त्या एकट्याच्या नावावर दिसतं.

निरोपाचा कार्यक्रम. निघण्याआधी महिनाभर, लहान सभागृहात, शोकेसचाच सेट वाजवा. पैसे मिळतात आणि रंगीत तालीमही होते. तिकीट 500 रुपयांच्या आत ठेवा, माणशी 500 पर्यंतच्या प्रवेशशुल्कावर जीएसटी लागत नाही. मोकळ्या जागेत करणार असाल तर रात्री दहाचा नियम लक्षात ठेवा. दुसऱ्यांची गाणी वाजवणार असाल तर परवान्याचं आधी बघा. फुकट पास वाटू नका. मावशी-काकांनाही तिकीट घ्यायला लावा, ते आनंदाने घेतात.

लोकवर्गणी. इथे तीन अडचणी आहेत. किकस्टार्टरवर भारतातून प्रकल्प सुरू करता येत नाही, त्यामुळे कोणी मित्र ‘माझ्या नावावर टाकतो’ म्हणाला तर पैसे त्याचे, कर त्याचा आणि डोकेदुखी दोघांची. दुसरी, नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेल्या भेटी 50,000 रुपयांच्या वर गेल्या की सगळी रक्कम करपात्र होते, फक्त वरची नाही. तिसरी सगळ्यात नाजूक: परदेशी नागरिकाकडून आलेली देणगी परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. यावर सरळ उपाय म्हणजे देणगी मागू नका, काहीतरी विका. अल्बमची आगाऊ नोंदणी, सही केलेला टी-शर्ट, झूमवरचा तासाभराचा धडा, घरगुती मैफल. वस्तू किंवा सेवा दिली, बिल दिलं, की तो व्यवहार होतो आणि त्यावरचा कर नेहमीसारखा भरायचा. तरीही एकदा सीएला दाखवा.

कंपन्या, आणि सीएसआरचा (कंपन्यांनी कायद्याने समाजकार्यावर खर्चायच्या पैशांचा) गैरसमज. ‘पुण्यात एवढ्या कंपन्या आहेत, सीएसआरमधून मागू’ हे वाक्य मी प्रत्येक बँडकडून ऐकते. 2013 च्या कंपनी कायद्याच्या यादीत कला-संस्कृती आहे, हे खरं. पण सीएसआरचा पैसा नोंदणीकृत संस्थेमार्फत जातो, व्यक्तीला किंवा बँडला थेट मिळत नाही, आणि भारताबाहेर केलेलं काम त्यात धरलं जात नाही. अपवाद आहे तो खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा. म्हणजे ब्रायटनचं तिकीट सीएसआरमधून निघणार नाही. तिथे वेळ घालवू नका.

मागायचं ते मार्केटिंग विभागाकडे, आणि मोठ्या कंपनीपेक्षा मध्यम धंद्याकडे: वाद्यांचं दुकान, ऑडिओ उपकरणं बनवणारे, कॉफी भाजणारे, कपड्यांचा नवा ब्रँड. त्यांना लोगो कुठे दिसेल, किती रील होतील, परत आल्यावर त्यांच्या दुकानात एक अकूस्टिक सेट वाजवाल का, हे एका पानावर लिहून द्या. रोख नको असेल तर वस्तू मागा: केस, तारा, इन-इअर (स्टेजवर स्वतःचा आवाज ऐकायचे इअरफोन). पैसे आले की रीतसर बिल द्या, टीडीएस कापला जाईल, तो रिटर्नमध्ये वळता होतो.

संस्था. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद, म्हणजे आयसीसीआर, 1950 पासून कलाकारांना परदेशी पाठवते आणि तिचं कार्यालय पुण्यातही आहे. पण ती आपल्या पॅनेलवरच्या कलाकारांना पाठवते, आणि पॅनेलवर येणं हे सावकाशीचं काम आहे. शास्त्रीय आणि लोकसंगीतवाल्यांनी शोकेसची वाट न बघता आत्ताच अर्ज करून ठेवावा.

बोट क्लब रोडवरचं मॅक्स म्युलर भवन, पाटवर्धन बागेतलं अलियाँस फ्राँसेज, ब्रिटिश काउन्सिल, स्विसांची प्रो हेल्वेशिया: यांच्याकडे ‘आम्हाला तिकीट द्या’ म्हणून गेलात तर हात हलवत परत याल. त्यांना दोन देशांतल्या कलाकारांनी मिळून केलेलं काम हवं असतं. उदाहरणार्थ गोएथे इन्स्टिट्यूटचा सहनिर्मिती निधी जर्मन आणि इतर देशांतल्या कलाकारांच्या एकत्र कामासाठी आहे. त्यामुळे हॅम्बुर्गला जाणार असाल तर तिथल्या एखाद्या वादकाबरोबर आठवडाभराचं काम आधी ठरवा आणि शोकेस त्या कामाच्या शेवटी ठेवा. अशा वेळी अर्ज खरा वाटतो, कारण तो खरा असतो.

सापळा: बहुतेक निधी मंजुरीच्या आधी केलेला खर्च धरत नाहीत, आणि बरेचसे पैसे पावत्या दाखवल्यावर मिळतात. म्हणजे मंजुरीआधी तिकीट काढायचं नाही, आणि मंजुरीनंतर पैसे येईपर्यंत हातात काही असायला हवं. ही मधली फट भरायला घरून उसने घ्या, लिहून घ्या, तारीख टाका. वैयक्तिक कर्ज किंवा क्रेडिट कार्डावर शोकेस करू नये. व्याज सुरू होतं पहिल्या महिन्यापासून, आणि शोकेसमधून काम मिळायला वर्ष लागतं.

6. व्हिसा, आणि महाराष्ट्र मंडळाचा मोह

पुण्यात व्हीएफएसचं (दूतावासांच्या वतीने व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीचं) केंद्र आहे, पण सगळ्या देशांचे अर्ज तिथे घेत नाहीत. काहींसाठी मुंबई गाठावी लागते, अमेरिकेच्या मुलाखतीसाठी तर बीकेसीच. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो. तुम्ही पहिल्या दोन महिन्यांतच करा. उन्हाळ्यात तारखा मिळत नाहीत, आणि चौघांपैकी एकाचा पासपोर्ट नेमका संपत आलेला असतो. तो मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्रात आधीच नवा करून घ्या.

आता मोह. पुण्याचा माणूस परदेशी निघाला की कोणीतरी म्हणतंच, ‘लंडनला महाराष्ट्र मंडळ आहे, अमेरिकेत तर गावोगावी आहेत, दोन कार्यक्रम लावू, खर्च निघेल.’ कल्पना चांगली आहे, पण व्हिसा कोणता त्यावर सगळं अवलंबून.

अमेरिकेत अधिकृत शोकेसपुरतं, मानधन न घेता वाजवायला काही वेळा व्यवसाय-भेटीचा बी-1 व्हिसा चालतो. त्या व्हिसावर एकही मानधनाचा कार्यक्रम करायचा नाही, मंडळाच्या सभागृहात पाकिटातून दिलेला ‘सन्मान’सुद्धा नाही. मानधन घेऊन वाजवायचं तर पी किंवा ओ प्रकारचा व्हिसा लागतो. त्यासाठी अमेरिकेतल्या कोणाला तरी आय-129 अर्ज भरावा लागतो, शुल्क हजार डॉलरच्या घरात जातं आणि महिनोन्‌महिने लागतात. सात-आठ कार्यक्रमांचा दौरा असेल तरच हा खर्च परवडतो.

ब्रिटन सोपं आहे. जानेवारी 2024 पासून साध्या व्हिजिटर व्हिसावरच, तिथल्या संस्थेच्या निमंत्रणावरून, ठरावीक मानधनाचं काम करता येतं. अट अशी की काम निघण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे, अर्जात सांगितलेलं असलं पाहिजे आणि पोचल्यापासून 30 दिवसांत झालं पाहिजे. तेव्हा ब्रायटनला जोडून लंडनच्या मंडळात कार्यक्रम करायचा असेल तर मंडळाचं पत्र आधी घ्या, अर्जाला जोडा, आणि मग बिनधास्त वाजवा.

शेंगेनमध्ये 180 दिवसांतले 90 दिवस मिळतात, पण मानधन घेऊन वाजवण्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. निमंत्रक महोत्सवाकडून ते लेखी विचारून घ्या आणि ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करा.

फाइलमध्ये हे असू द्या:

- परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध पासपोर्ट, प्रत्येकाचा
- महोत्सवाचं निमंत्रणपत्र, सगळ्यांची पासपोर्टप्रमाणे नावं असलेलं (‘बंटी’ आणि ‘डीजे’ चालत नाहीत)
- कोणाचा खर्च कोण करणार, त्याचं पत्र
- सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, तीन वर्षांची प्राप्तिकर रिटर्न
- नोकरी असेल तर रजेचं पत्र, विद्यार्थी असेल तर कॉलेजचं
- विमा, तिकिटांचं आरक्षण, राहण्याचा पत्ता
- वाद्यांची यादी, अनुक्रमांकांसह
- जुन्या कार्यक्रमांची पत्रं, कात्रणं

खात्यात अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम दोन लाख टाकू नका. ते व्हिसा अधिकाऱ्याला लगेच दिसतं.

7. वाद्यं

निघताना विमानतळावर कस्टम्सकडून महागड्या वाद्यांसाठी एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, म्हणजे परत येताना ‘हे तिकडून आणलं का?’ हा प्रश्न येत नाही. त्यासाठी तासभर जास्त ठेवा. सामान खूप असेल, दोन-तीन देश फिरायचे असतील, तर एटीए कार्ने (सामान तात्पुरतं बिनशुल्क नेण्या-आणण्याचं कस्टम्सचं पुस्तक) घ्या. भारतात ते फिक्की देते.

गिटारला भारतीय शिसम असेल तर घाबरू नका. 2017 मध्ये शिसमाच्या लाकडावर आंतरराष्ट्रीय बंधनं आली होती, पण 2019 च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. तबला-पखवाजाच्या कातड्याबद्दल मात्र, विशेषतः ऑस्ट्रेलियात, उतरल्यावर स्वतःहून सांगायचं. मिरजेचा तानपुरा विमानात पाठवणं म्हणजे जिवाला घोर. इलेक्ट्रॉनिक न्या, किंवा तिथल्या एखाद्या भारतीय संगीत शिकवणाऱ्यांकडून दोन दिवसांसाठी मागा. अमेरिकेत वीज 120 व्होल्टची, पेडलचे अडॅप्टर तपासून घ्या. पॉवर बँक केबिनच्या बॅगेत.

8. निघण्याआधीचे सहा आठवडे

माझ्या मते सगळ्या शोकेसचं यश इथेच ठरतं. महोत्सवाच्या डेलिगेटांची यादी मिळाली की ती वाचून काढा. शेकडो नावांतून तीसेक निवडा: तुमच्या प्रकारचं संगीत ज्यांच्या महोत्सवात वाजतं तेच. मागच्या दोन वर्षांत त्यांनी कोणाला बोलावलं ते बघा. मग प्रत्येकाला वेगळा मेल, पाच ओळींचा: तुम्ही कोण, कधी आणि कुठे वाजवणार, त्यांच्या महोत्सवात तुम्ही का शोभाल, एक व्हिडिओचा दुवा, भेटीसाठी दोन वेळा. ‘डिअर सर/मॅडम’ करून तीस जणांना एकत्र पाठवलेला मेल कोणी उघडत नाही.

तीसमधून पाच-सहा उत्तरं आली तरी उत्तम. त्या भेटी वेळापत्रकात बसवा आणि भेटायला बँडमधल्या दोघांनाच पाठवा. कोण बोलणार ते ठरवा. गायक चांगला बोलतो असं गृहीत धरू नका, आमच्यात ते काम कीबोर्डवाला करतो.

मानधनाचे दोन आकडे ठरवून जा: जवळच्या देशातून आलात तर किती, भारतातून आलात तर किती. आणि गाण्यांचे हक्क कोणाकडे किती टक्के, हे बँडमध्ये लिहून सह्या करा. एखाद्या प्रकाशकाने विचारलं तर तिथे हॉटेलच्या लॉबीत ते ठरवायला बसू नका.

9. तिथे

साउंडचेक म्हणजे बहुतेकदा पंधरा मिनिटांचा लाइन चेक, म्हणजे प्रत्येक माइक-केबलमधून आवाज येतो का एवढंच बघणं. सेट पाच मिनिटं कमीच ठेवा, जास्त झाला तर आवाज बंद करतात. बोलण्यात वेळ घालवू नका, पण बँडचं नाव दोनदा घ्या. दुसऱ्यांचे शोकेस बघा, कारण पुढे काम बहुतेक वेळा दुसऱ्या बँडकडूनच येतं. भेटलेल्या प्रत्येकाचं कार्ड घेतल्यावर मागे तिथेच लिहा: काय बोललं, काय पाठवायचं कबूल केलं.

10. परत आल्यावर

पहिल्या आठवड्यात सगळ्यांना मेल गेले पाहिजेत. झोप नंतर. कबूल केलेलं पाठवा: व्हिडिओ, मोकळ्या तारखा, आकडे. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण, मग नवा ट्रॅक आल्यावर पुन्हा. युरोपातले महोत्सव पुढच्या उन्हाळ्याचं बुकिंग बरेच आधी करतात, त्यामुळे ऑक्टोबरच्या भेटीचं उत्तर फेब्रुवारीत आलं तर नवल नाही.

एकच महोत्सव बोलावत असेल तर लगेच हो म्हणू नका. त्यांनाच विचारा की आजूबाजूच्या तारखांना आणखी कोणी घेईल का. भारतातून येणाऱ्या बँडचं भाडं तीन-चार महोत्सवांनी वाटून घेतलं तरच दौरा तरतो, हे प्रोग्रॅमरनाही कळतं, आणि ते एकमेकांना फोन करतात.

रॉयल्टी विसरू नका. तुमची गाणी तुमची असतील तर आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीचं) सभासदत्व घ्या आणि गाणी तिथे नोंदवा. वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांच्या हक्कांसाठी इसम्रा आहे. परदेशात वाजवलेल्या सेटची यादी, तारीख, जागा, आयोजकाचं नाव आयपीआरएसला कळवा आणि महोत्सवाकडूनही तिथल्या सोसायटीला सेटलिस्ट गेली का ते विचारा. पैसे यायला वेळ लागतो आणि रक्कम लहान असते, पण पाच वर्षांत तीच बेरीज जॅमरूमचं भाडं भागवते.

निधी देणाऱ्यांना अहवाल मुदतीत द्या: बोर्डिंग पास, पावत्या, फोटो, कोणाला भेटलात, पुढे काय ठरलं. प्रायोजकाला कबूल केलेले रील आणि दुकानातला सेट महिन्याच्या आत. आणि कुठे मानधन मिळालं असेल तर कर कापल्याचा दाखला मागून घ्या. जर्मनीत एका कार्यक्रमाच्या 250 युरोपर्यंतच्या मानधनावर काही कापत नाहीत, वर गेलं की 15 टक्के आणि त्यावर अधिभार. हा कर इथल्या रिटर्नमध्ये वळता करून घेता येतो, पण दाखला हातात असेल तरच, आणि महोत्सव उरकून सहा महिने झाले की त्यांच्या ऑफिसात मेलला उत्तर द्यायला कोणी नसतं.